पेस्किएरा ते मांतोवा सायकलवर : वाचकांचे प्रश्न

इटलीतल्या एका जुन्या गावापासून दुसऱ्यापर्यंत, गाइड न घेता, एका दिवसात सायकलवर कसं जायचं, याबद्दल मुंबई-ठाण्याकडून बरीच पत्रं आली. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं पन्नाशीतले. मे महिन्यात मिलान आणि व्हेनिसच्या मध्ये एक दिवस मोकळा आहे. चढ नको, ट्रकांची वर्दळ नको आणि शेवटी निवांत बघण्यासारखं गाव हवं. कुठला रस्ता घ्यावा? (विलेपार्ले)

उत्तर : पेस्किएरा देल गार्दा ते मांतोवा. गार्दा सरोवरातून मिन्चो नदी जिथे बाहेर पडते तिथे पेस्किएरा आहे. पुढे त्याच नदीच्या पाण्याची तळी करून तीन बाजूंनी वेढलेलं गाव म्हणजे मांतोवा. दोन्हींच्या मध्ये ४५ किलोमीटरच्या आसपास पक्की सायकलवाट आहे आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी मोटारींना मज्जाव आहे. पेस्किएरा समुद्रसपाटीपासून साधारण ७० मीटरवर आणि मांतोवा २० मीटरवर, त्यामुळे पाण्याबरोबर चाललात तर चढ नावापुरतेच लागतात. सरोवरावरचा वारासुद्धा सकाळी उत्तरेकडून वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून. म्हणून लवकर निघून दक्षिणेला जाणं सोयीचं.

खरी मेख अंतरात नाही, परतीत आहे. बहुतेक जण पेस्किएराला उतरतात, तिथे सायकल भाड्याने घेतात आणि दमून मांतोव्याला पोचतात. मग सायकलसाठी जागा असलेली गाडी शोधा, वेरोनाला बदला आणि दुकान बंद व्हायच्या आत सायकल परत करा, अशी धावपळ होते. त्यापेक्षा उलटं करा. मुक्काम मांतोव्याला ठेवा आणि सायकलही मांतोव्यातूनच घ्या, तीही आदल्या संध्याकाळी, कारण सकाळी दुकानं उघडेपर्यंत तुमची गाडी गेलेली असेल. सकाळच्या गाडीने सायकलसकट वेरोनामार्गे पेस्किएराला जा आणि पेडल मारत मुक्कामाला परत या. मग वाटेत उशीर झाला, पाय भरून आले, एखाद्या झाडाखाली डुलकी लागली, तरी काही चुकत नाही. मे महिन्यात सूर्य सव्वाआठनंतर मावळतो.

पेस्किएराची पंचकोनी तटबंदी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने बांधली आणि २०१७ पासून ती जागतिक वारशात आहे. निघण्यापूर्वी तिच्या आत अर्धा तास फिरा. तिथून साधारण १५ किलोमीटरवर बोर्गेत्तो लागतं. पाणचक्क्यांची छोटी वस्ती आहे आणि तिच्या डोक्यावरून व्हिस्कोन्ती पूल जातो. साडेसहाशे मीटर लांबीची ही भिंतवजा वास्तू १३९३ मध्ये मिलानच्या जानगालेआत्सो व्हिस्कोन्तीने उभारली. मिन्चोचं पाणी अडवून मांतोव्याभोवतीचं पाण्याचं कवच कोरडं पाडायचं, हा त्याचा बेत होता. तुम्ही जी नदी धरून चालला आहात ती मांतोव्याला किती गरजेची होती, ते इथे कळतं. वालेज्जो हे मोठं गाव बोर्गेत्तोच्या वर टेकाडावर आहे. सिगुर्ता उद्यान बघायचं नसेल तर तो चढ चढू नका.

अर्धी वाट सरल्यावर पोत्सोलो येतं. पुढे नदीपेक्षा कालव्यांचीच सोबत जास्त असते. सरळ, सपाट आणि थोडा कंटाळवाणा टप्पा आहे, सावलीही कमी. तो दुपारी दोनच्या उन्हात येणार नाही असं बघा. मांतोव्याजवळ बोस्को फोंताना हे जुनं राखीव जंगल आहे आणि त्यानंतर दोन तळ्यांच्या मधल्या पुलावरून गावाचे घुमट दिसू लागतात.

सव्वासातच्या सुमाराची गाडी धरली, नऊ-सव्वानऊला पेस्किएरा सोडलं आणि ताशी १४-१५ किलोमीटरने चाललात, तर सायकलवरचा वेळ सव्वातीन तासांच्या वर जात नाही. थांबे आणि जेवण धरून साडेतीन-चारपर्यंत मांतोवा.

प्रश्न : सायकल घेऊन रेल्वेत चढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्या लोकलच्या सवयीने भीती वाटते. (मुलुंड)

उत्तर : फक्त ‘रेजोनाले’, म्हणजे प्रादेशिक गाड्या घ्या, आणि त्यांतही वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असलेली. फ्रेच्चा नावाच्या वेगवान गाड्यांत अख्खी सायकल नेता येत नाही, ती घडी घालून किंवा सुटी करून पिशवीत भरावी लागते. त्रेनितालिया या मुख्य रेल्वे कंपनीच्या प्रादेशिक गाडीत माणसाच्या तिकिटाव्यतिरिक्त सायकलचं साडेतीन युरोचं तिकीट लागतं आणि ते त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतं. वेरोना-पेस्किएरा भागात त्रेनोर्द या दुसऱ्या कंपनीच्याही गाड्या धावतात आणि तिचे सायकलचे नियम वेगळे आहेत. म्हणून तिकीट काढतानाच गाडी कोणाची ते बघा.

कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्या. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला गाडी सुटण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस ‘परदेशी पाहुणे’ म्हणून सोडतीलच असं नाही.

सायकलचा डबा बाहेरून चिन्हाने ओळखू येतो, बहुधा गाडीच्या एका टोकाला. आत सायकल आडवी लावायची असते किंवा पुढचं चाक आकड्याला टांगायचं असतं. पाण्याची बाटली आणि बॅग आधीच काढून ठेवा. वेरोना पोर्ता नुओव्याला फलाट बदलायला भुयारी मार्ग आहे. लिफ्ट शोधण्यात पाच मिनिटं जातात, म्हणून दोन गाड्यांमध्ये किमान वीस मिनिटं हवीत. आदल्या दिवशी ‘शोपेरो’, म्हणजे संप आहे का तेही पाहा. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. सकाळी लवकर निघण्याचा हा आणखी एक फायदा.

प्रश्न : दोघंही शाकाहारी. वाटेत खायचं काय? मुंबईहून काय न्यावं? (दादर)

उत्तर : वालेज्जोचे प्रसिद्ध तोर्तेल्लिनी मांसाने भरलेले असतात. तुमच्या कामाचे मांतोव्याचे ‘तोर्तेल्ली दी झुक्का’. आत लाल भोपळा, बदामी चवीच्या अमारेत्ती बिस्किटांचा चुरा आणि मोस्तार्दा, म्हणजे मोहरीचा झणका असलेला फळांचा गोड मुरंबा. वरून लोणी आणि सेजची पानं. ‘बुर्रो ए साल्विया’ असं सांगा, नाहीतर काही ठिकाणी मांसाचा सॉस पडतो. सारणात चीज असतंच. ग्राना पादानो आणि पार्मेजानो ही दोन्ही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने बनतात, ते चालत नसेल तर आधी बोला. स्ब्रिझोलोना हा बदामाचा भुसभुशीत केकही सगळीकडे निर्धोक नाही, कारण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’ असं विचारून घ्या.

स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीचपर्यंतच चालू असतं. तीन वाजता पोचलात तर कॉफी आणि बिस्किटावर भागवावं लागेल. म्हणून बोर्गेत्तोला लवकर जेवा किंवा शिदोरी ठेवा. मुंबईहून चिक्की, खाकरा, चिवडा, भाजलेले शेंगदाणे न्या. पेढे, खवा, तूप नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात. वाटेवरच्या नळावर ‘अक्वा पोताबिले’ लिहिलेलं असेल तर भरा, ‘नोन पोताबिले’ असेल तर फक्त डोकं भिजवा.

प्रश्न : सराव कसा आणि कुठे? शेवटची सायकल कॉलेजात चालवली होती. (गिरगाव)

उत्तर : पाय तयार होतात हो, सीटवर बसण्याची सवयच मुख्य. चार आठवडे आधीपासून दर रविवारी पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर या. नरिमन पॉइंट ते चौपाटी असा फेरा जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या आसपास होतो. पहिल्या रविवारी दोन फेऱ्या, मग तीन, मग चार, शेवटच्या रविवारी पाच. आठ वाजण्याच्या आत घरी. या रस्त्याला चढ नाही म्हणून नाक मुरडू नका, मिन्चोच्या वाटेलाही नाही. दोन तास न उतरता बसता आलं की तयारी झाली.

सीटची उंची अशी लावा : पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीट खाली असली तर गुडघ्याची वाटी दुखते, फार वर असली तर कंबर दोन्ही बाजूंना हलते आणि मांड्या सोलवटतात. आपल्या सायकलवर जमलेली ही उंची पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा, तिकडे भाड्याच्या सायकलला तीच लावा. पॅडची चड्डी घेतलीत तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणीनेच कातडी जाते.

सप्टेंबरात जाणार असाल तर सराव पावसात होईल. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, अंतर ठेवा. जुलै-ऑगस्टचा बेत मात्र करू नका. त्या सखल प्रदेशात तेव्हा उकाडा आपल्या मेसारखाच असतो आणि तळ्याकाठचे डासही. आकर्षण एकच, मांतोव्याच्या वरच्या तळ्यात कमळं फुललेली असतात.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे आहेत. त्यांना इलेक्ट्रिक सायकल द्यावी का? (ठाणे)

उत्तर : चालवायला उत्तम, उचलायला वाईट. कायद्याने तिची मोटर २५० वॉटची असते, पेडल मारलं तरच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. परवाना लागत नाही. ४०० ते ५०० वॉट-तासांची बॅटरी कमी मदतीवर ४५ सपाट किलोमीटर सहज पुरते. पण वजन २२ ते २५ किलो. ती गाडीच्या आकड्याला टांगणं एकट्या ज्येष्ठाचं काम नाही. तुम्ही बरोबर असाल तर घ्या. नसाल तर वडिलांसाठी पेस्किएराला सायकल घेऊन बोर्गेत्तोपर्यंत जाऊन परत येणं, म्हणजे ३० किलोमीटर, हा चांगला पर्याय आहे. सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

प्रश्न : पंक्चर झालं तर? तिथे कोपऱ्यावर पंक्चरवाला नसेल. (डोंबिवली)

उत्तर : नसतोच. दुकानातून निघतानाच एक जादा ट्यूब, दोन टायर लीवर आणि पंप मागून घ्या. ट्यूब त्याच मापाची आहे ना आणि पंप त्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे तिथेच लावून बघा. जाड व्हॉल्व्ह आपल्या मोटरसायकलसारखा असतो. बारीक व्हॉल्व्हच्या टोकाची छोटी चकती आधी उलटी फिरवून सैल करावी लागते, तोपर्यंत हवा जातच नाही.

मागचं चाक काढायचं तर आधी गिअर सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर आणा, म्हणजे साखळी सैल पडते. लीवरने टायरची एक बाजू सोडवा आणि ट्यूब काढा. नवी घालण्यापूर्वी टायरच्या आतून सगळीकडे बोट हळूच फिरवा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर बसते. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग आत सारा, नाहीतर ती टायर आणि रिममध्ये चिमटते. टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी हाताने बसवा, तिथे लीवर वापरू नका. जुन्या ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि चाक कडेवर आदळलं, एवढाच अर्थ. किती हवा हवी ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. तिकडचे मापक बारमध्ये असतात, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. ३८ मिलिमीटरच्या टायरला ४ बारच्या जवळपास ठीक.

ब्रेकचंही बघा. उजवा पुढचा की डावा, हे सायकलीगणिक बदलतं. सायकल हाताने ढकलत एकेक लीवर दाबा. पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून जातो. आणि चालायचं उजव्या बाजूने! थांबून पुन्हा निघताना आपला हात सवयीने डावीकडे वळतो, चूक बहुधा तिथेच होते. गावाबाहेर एकामागे एक चाला. घंटी हवीच, अंधार पडल्यावर दिवे आणि गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. मोठ्यांना हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला. आणीबाणीला ११२.

प्रश्न : बरोबर नऊ वर्षांची मुलगी आहे. ४५ किलोमीटर झेपणार नाहीत. (बोरिवली)

उत्तर : मग लुक्का. गावाभोवतीचा तट सव्वाचार किलोमीटरचा, वरून रुंद, झाडांच्या सावलीचा आणि मोटारींविना. दोन फेऱ्या मारल्या की मुलगी खूश. लुक्का ते पिसा अंतर वीस-बावीस किलोमीटर असलं तरी तिला राज्यमार्ग १२ वर नेऊ नका. पिसाला रेल्वेने अर्ध्या तासात पोचता.

प्रश्न : आसिसी ते स्पोलेतो कसं आहे? (चेंबूर)

उत्तर : ५० किलोमीटरच्या आसपास, मधली वाट सपाट. पण दोन्ही गावं उंचावर. आसिसी तर खालच्या स्टेशनापासून दोनशेहून जास्त मीटर वर आहे, म्हणून सुरुवात आसिसीहून उतरत करा. परतीला बहुधा फोलिन्योला गाडी बदलावी लागते.

प्रश्न : मांतोव्याला संध्याकाळी पोचल्यावर काय बघून होईल? (माहीम)

उत्तर : त्याच दिवशी फक्त चौक, आणि अकराव्या शतकातलं सान लोरेन्झोचं गोल चर्च बाहेरून. पालात्सो दुकाले दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्यात मान्तेन्या या चित्रकाराने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेली खोली आहे आणि तिथे मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा वेळ आधी राखून ठेवा. हा राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून सायकलचा दिवस रविवार धरू नका.