सीएनसी मिलिंग मशीनचं स्पिंडल लोड मीटर बदलायचं आहे. १ मिलिअँपच्या मीटरच्या जागी १० व्होल्टचं चालेल का?

प्रश्न: आमच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) पेंडंटमध्ये, म्हणजे ऑपरेटरच्या कंट्रोल पॅनलमध्ये, काट्याचं स्पिंडल लोड मीटर आहे. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलवर किती भार आहे ते दाखवतं, डायल ० ते १५० टक्के. काटा ६० च्या आसपास अडकतो, काचेवर टिचकी मारली की सुटतो. स्क्रीनवरचा लोड मात्र व्यवस्थित दिसतो. जुन्या डायलवर बारीक अक्षरात '१ मिलिअँप डीसी' लिहिलंय, मला मिळतंय ते '१० व्होल्ट डीसी' चं. तेच लावू का, आणि बदलताना काय सांभाळायचं?

उत्तर: लावता येईल, पण तारा सोडल्या आणि तशाच नव्या मीटरला जोडल्या, असं करू नका. काटा जवळजवळ नक्कीच चुकीचं दाखवेल.

ही दोन्ही मीटरं आतून बहुधा एकच असतात: चुंबकाच्या फटीत फिरणारी कॉइल, जिला पूर्ण स्केलला १ मिलिअँप लागतो. १० व्होल्टच्या मीटरमध्ये सुमारे १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आतच बसवलेला असतो. १ मिलिअँपच्या मीटरला तो बाहेर असतो. मीटरच्या टर्मिनलवर, वाटेतल्या टर्मिनल पट्टीवर किंवा पेंडंटमधल्या छोट्या बोर्डावर ट्रिमरसोबत (पेचाने फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर). ड्राइव्हमधून (स्पिंडलची मोटर चालवणारं युनिट) येतो तो सिग्नल बहुतेक मशीनवर ० ते १० व्होल्ट डीसी. आता बाहेरचा रेझिस्टर तसाच ठेवून १० व्होल्टचं मीटर जोडलंत तर दोन्ही मिळून २० किलोओहम होतात आणि काटा बरोबर निम्मं दाखवतो. हे धोक्याचं आहे, कारण ऑपरेटर ५० टक्के वाचतो तेव्हा स्पिंडल १०० वर असतो. उलट चूकही होते: नुसतं १ मिलिअँपचं मीटर रेझिस्टरशिवाय १० व्होल्टवर जोडलं की काटा आपटून वाकतो, कॉइल जळते आणि ड्राइव्हच्या आउटपुटवरही नको तेवढा भार येतो. असे आउटपुट मुळात एखाद-दोन मिलिअँपसाठीच बनवलेले असतात.

म्हणून आधी जुन्या मीटरपासून तारेचा माग मागे काढा. रेझिस्टर सापडला तर त्याचं एक टोक सोडून मल्टीमीटरने मोजा, आकडा लिहून ठेवा. माझा कल १ मिलिअँपचंच मीटर मिळवण्याकडे आहे. जुना रेझिस्टर, जुना ट्रिमर कामाला येतो आणि कॅलिब्रेशन आपल्या हातात राहतं. १० व्होल्टचंच घेणार असाल तर बाहेरचा रेझिस्टर काढून टाका किंवा तारेने बायपास करा.

दोष मीटरचाच का? तुमच्या वर्णनावरून हो. टिचकीने सुटणारा काटा म्हणजे फटीत लोखंडाचा कण किंवा झिजलेला पिव्हट. सिग्नलमधल्या बिघाडाला टिचकीने सहसा फरक पडत नाही. तरी खात्री करून घ्यायची असेल तर मीटर काढून टेबलावर घ्या आणि १.५ व्होल्टचा सेल, १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर सिरीजमध्ये जोडा. पोटेन्शिओमीटर फिरवला की काटा साधारण १३ टक्के स्केलपासून जवळजवळ पूर्ण स्केलपर्यंत सावकाश चढायला हवा, आणि तसाच उतरायला हवा. मध्येच थबकून एकदम उडी मारली तर निकाल लागला. उघडून साफ करण्याच्या फंदात मात्र पडू नका: मशीन शॉपच्या हवेत कव्हर काढलं की चुंबक एका कणाच्या जागी आणखी चार ओढून घेतं.

(इतरांसाठी: काटा शून्यावरच पडून असेल, तर मीटरवर संशय घेण्याआधी पेंडंटच्या बिजागरीतली तार बघा. रोज वळून ती तिथेच तुटते, इन्सुलेशन मात्र शाबूत दिसतं. आणि स्पिंडल रिकामा फिरतानाही मीटर आणि स्क्रीन दोन्ही नेहमीपेक्षा जास्त दाखवत असतील तर मीटर बदलून काही होणार नाही, बेअरिंग आणि बेल्टचा ताण तपासा.)

नवीन मीटर घेताना पाच गोष्टी जुळवा: पूर्ण स्केलचा करंट किंवा व्होल्टेज, डायलचे आकडे, पॅनलमधल्या भोकाचा व्यास, बोल्टमधलं अंतर, आणि डायलवरची बसवण्याच्या दिशेची खूण. उभ्या पॅनलचं मीटर आणि आडव्या किंवा तिरक्या पॅनलचं मीटर यांचा तोल वेगळा असतो. बरेच पेंडंट तिरके असतात. काही मीटर लोखंडी पत्र्यासाठी आणि काही अॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकसाठी कॅलिब्रेट केलेली असतात, तेही विचारून घ्या. डायल जुळत नसेल तर जुनी डायल नव्यात बसवायचा मोह होतो. पेच काढताना हमखास काट्याला धक्का लागतो, त्यामुळे त्या वाटेला न गेलेलं बरं.

जोडणीआधी मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा. पेंडंटमध्ये फक्त कमी व्होल्टेज असेल, पण सिग्नल मोजायला ड्राइव्हचं कपाट उघडणार असाल तर २०० व्होल्ट वर्गाच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतली डीसी लाइन) सुमारे २८० आणि ४०० व्होल्ट वर्गात ५६० च्या आसपास व्होल्ट बंद केल्यावरही काही वेळ टिकून असतात. चार्जचा दिवा विझू द्या, प्लेटवर लिहिलेला वेळ थांबा, आणि मग बस मोजूनच हात घाला.

नव्या मीटरच्या दोन टर्मिनलांमध्ये बऱ्याचदा एक पातळ तार किंवा पट्टी जोडलेली येते. वाहतुकीत काटा हेलकावू नये म्हणून कॉइल शॉर्ट केलेली असते. ती काढायची राहिली तर मीटर मेल्यासारखं पडून राहतं. अशी 'खराब' म्हणून परत पाठवलेली मीटर प्रत्यक्षात धडधाकट असतात.

तारांना रिंग लग क्रिंप करा. टर्मिनलचा आतला नट एका पान्याने धरून बाहेरचा दुसऱ्याने आवळा. एकच पाना लावून जोर दिला की बोल्ट फिरतो आणि आत कॉइलकडे जाणारी केसाएवढी तार तुटते. प्लस-मायनस उलटं झालं तर काटा शून्याच्या खाली टेकतो, तारा अदलाबदल केल्या की झालं. शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला, ड्राइव्हकडे ठेवा. पेंडंटकडचं टोक इन्सुलेट करा. दोन्हीकडे अर्थ केलं की कित्येकदा काटा थरथरतो. कूलंट आत जाऊ नये म्हणून पॅनल आणि मीटर यांच्यामध्ये गॅस्केट घालायला विसरू नका.

शून्य लावायचं ते मीटर पॅनलमध्ये बसल्यावर, पॉवर बंद असताना, समोरच्या छोट्या पेचाने. आणि त्याआधी काच कोरड्या फडक्याने पुसू नका. प्लॅस्टिकच्या काचेवर स्थिर वीज तयार होते, काटा तिच्याकडे खेचला जातो आणि तुम्ही चुकीचं शून्य लावून बसता. ओलसर फडकं फिरवा, मिनिटभर थांबा, मग पेचाला हात लावा. थिनर तर अजिबात नको, काच धुरकट होते.

आता कॅलिब्रेशन. १० व्होल्ट म्हणजे किती टक्के, हे ड्राइव्हमध्ये ठरतं. फानुक कंपनीच्या सिरियल स्पिंडलवर हा आकडा पॅरामीटर ४१२७ मध्ये असतो: सततच्या रेटिंगला १०० धरून कमाल आउटपुट किती टक्के, आणि तेवढ्यावर लोड मीटरचा सिग्नल १० व्होल्ट. समजा तिथे १८० आहे आणि तुमची डायल १५० ची. मग पूर्ण स्केल ८.३३ व्होल्टवर यायला हवा (१० गुणिले १५० भागिले १८०), म्हणजे कॉइलसकट एकूण रेझिस्टन्स ८.३३ किलोओहम. जुना रेझिस्टर हरवला असेल तर ६.८ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि ५ किलोओहमचा मल्टिटर्न ट्रिमर सिरीजमध्ये लावा, ८.३३ आणि १० दोन्ही त्यात सापडतात. पाव वॅटचा रेझिस्टर पुरून उरतो. काटा जुळवण्यासाठी ४१२७ बदलू नका, त्याने स्क्रीनवरचा टक्काही हलतो. १० व्होल्टचं मीटर घेतलंत आणि पॅरामीटर १५० पेक्षा जास्त असेल, तर डायल कधीच जुळणार नाही. माझा १ मिलिअँपचा आग्रह मुख्यतः यासाठीच.

ट्रिमर लावायला मशीन चालवायची गरज नाही. सिग्नलच्या तारा ड्राइव्हकडे सोडा, तिथे पॉवर सप्लायने वरच्या उदाहरणातले ८.३३ व्होल्ट द्या आणि काटा १५० वर आणा. त्याच्या निम्मे व्होल्ट दिले की ७५ दिसायला हवेत. सप्लाय नसेल तर ९ व्होल्टची बॅटरी चालते, पण तिचा खरा व्होल्टेज जोडलेल्या अवस्थेत मोजा: ९.० भरला तर ८.३३ ला १५० असलेल्या मीटरवर १६२ निघतात, ते डायलच्या बाहेर. त्यासाठी १.५ व्होल्टचे चार सेल घेतलेले सोयीचे, ६.० व्होल्टला १०८ टक्के.

मग तारा परत जोडून स्पिंडल सुरू करा. वेग घेताना काटा क्षणभर शेवटाला जाऊन टेकणं नेहमीचं आहे. खरी तुलना लांब, सलग फेस मिलिंगच्या कटवर करा, जिथे लोड काही सेकंद स्थिर राहतो. मीटर २.५ क्लासचं (पूर्ण स्केलच्या २.५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य असलेलं) असेल तर १५० च्या डायलवर ३.७५ टक्क्यांपर्यंतची चूक त्याच्या मर्यादेतच येते. स्क्रीनवर ७२ आणि काट्यावर ७५ दिसले म्हणून ट्रिमर पुन्हा छेडू नका.

स्पिंडलला सर्वो ड्राइव्हऐवजी साधा इन्व्हर्टर असेल तर एक फरक लक्षात ठेवा. काही इन्व्हर्टरवर एफएम नावाचं टर्मिनल असतं, त्यावर डीसी नाही, पल्स निघतात. काट्याचं १ मिलिअँपचं मीटर त्यांची सरासरी दाखवतं आणि छान चालतं. डिजिटल मीटर तिथे भलतंच काही दाखवेल. एएम टर्मिनलवर मात्र ० ते १० व्होल्ट डीसी मिळतं.

डिजिटल पॅनल मीटर लावावं का, हा पुढचा प्रश्न येईलच. मी लावणार नाही. स्वस्तातल्या तीन तारांच्या मीटरमध्ये सप्लाय आणि सिग्नलचा मायनस एकच असतो, त्यामुळे २४ व्होल्टचा शून्य आणि ड्राइव्हचा अॅनालॉग कॉमन एकमेकांना जोडले जातात आणि नॉइजचं नवीन दुखणं सुरू होतं. शिवाय सेकंदाला दोन-तीनदा बदलणाऱ्या आकड्यात कटरने घेतलेला झटका दिसतच नाही. काटा नकोच असेल तर आयसोलेटेड इनपुटचा एलईडी बारग्राफ घ्या.