क्लासिक 500 चा फ्युएल पंप काढून कार्ब्युरेटर लावता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2012 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 500 आहे, टाकीतून दाबाने पेट्रोल पाठवणारा पंप दुसऱ्यांदा दगा देतोय, जूनमध्ये लडाखला जायचंय. मिस्त्री म्हणतो, पंप फेकून द्या, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) लावतो, पेट्रोल वरून आपोआप उतरेल. करावं का?

होतं हे काम. माझ्या 2011 च्या गाडीवर मी केलंय आणि ती आजही रोज चालते. पण माझं कारण वेगळं होतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आमची गल्ली पाण्यात गेली, गाडी दोन दिवस बुडाली. पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), वायरिंग, सगळंच गेलं. नुसता पंप गेला असता तर मी कार्ब्युरेटरच्या वाटेला गेलो नसतो.

या गाडीवर हे जमतं त्याला एक कारण आहे. 2013 मध्ये आलेली बुलेट 500 याच 499 सीसी युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनावर होती आणि तिला कंपनीनेच कार्ब्युरेटर दिला होता. म्हणजे टाकी, मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी नळी), कार्ब्युरेटर, इग्निशन, सगळं एकमेकांशी जुळणारं मिळू शकतं. मी भंगारातून एका अपघाती बुलेट 500 चे भाग उचलले. तुमचा मिस्त्री 350 चा कार्ब्युरेटर लावणार असेल तर गाडी चालेल, पण 500 ला हवी तेवढी हवा त्यातून जात नाही आणि वरच्या स्पीडला दम कमी पडेल.

आता 'आपोआप उतरेल' या शब्दाकडे वळू, कारण गोंधळ तिथेच होतो. इंजेक्शनमध्ये, म्हणजे तुमच्या गाडीत आहे तशा पेट्रोल फवारणाऱ्या व्यवस्थेत, पंप साधारण अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. टाकी कार्ब्युरेटरच्या वीस सेंटीमीटर वर असेल तर पेट्रोलच्या वजनाचा दाब येतो जेमतेम 0.015 बार, म्हणजे पंपाच्या सुमारे दोनशेवा हिस्सा. फ्लोट चेंबरची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याची) निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप, या बारीक दाबासाठीच बनवलेली असते. म्हणून जुना पंप तसाच ठेवून पुढे कार्ब्युरेटर जोडायचा विचारही करू नका. निडल तो दाब अडवूच शकत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन तापलेल्या इंजिनावर पडतं. आपल्या गाडीची टाकी वर आहे, तिला पंप लागतच नाही. होंडा गोल्ड विंगसारखी टाकी सीटखाली असती तर गोष्ट वेगळी होती.

दाब इतका कमी असल्यामुळे वाटेत जे काही येईल ते अडथळा ठरतं. इंजेक्शनचा बारीक फिल्टर पंपाला चालतो, इथे तो पेट्रोल रोखून धरतो, म्हणून साधा जाळीचा फिल्टर घ्या. पाइप टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत उताराने यायला हवा. मध्ये कुठे वर चढला की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो, आणि इंजिनाच्या तापलेल्या हेडला चिकटून गेला तर पेट्रोलची वाफ होते. कार्ब्युरेटर जोडण्याआधी एक चाचणी मात्र कराच. टाकीत रिझर्व्हपुरतंच पेट्रोल ठेवा, पाइपचं टोक बाटलीत सोडा आणि घड्याळ लावा. फुल थ्रॉटलला हे इंजिन अंदाजे मिनिटाला दीडशे मिली पेट्रोल पितं. बाटलीत मिनिटाला अडीचशेच्या आसपास पडलं की मी निश्चिंत होतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करा.

टाकीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इंजेक्शनच्या टाकीला खाली पंपाचं मोठं भोक असतं. काही जण तिथे पत्र्याची प्लेट मारून कॉक (पेट्रोलची तोटी) बसवतात. मी सुरुवातीला तेच केलं आणि दोन महिन्यांत गॅस्केटमधून पेट्रोल पाझरायला लागलं. आताच्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. शेवटी कार्ब्युरेटर मॉडेलची टाकीच बसवली. टाकीला वेल्डिंग करून घ्यायचं कुणी सुचवलं तर कृपा करून थांबा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

झाकणाचं छोटं छिद्र मी पूर्ण विसरलो होतो. आंबा घाट चढताना गाडी धक्के खायला लागली आणि बंद पडली. पाच मिनिटांनी सुरू व्हायची, पुन्हा दोन-तीन किलोमीटरवर तेच. प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडला, काही सापडेना. मग झाकण उघडलं तर 'फुस्स' करून हवा आत गेली. छिद्रात चिखल बसला होता, पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवेची पोकळी होत होती. पंप असताना अशी पोकळी झाली तरी तो जोर लावून ओढत राहतो, म्हणून कळत नाही. गुरुत्वाकर्षणाकडे तेवढा जोर नाही.

इग्निशनबद्दल तुमच्या मिस्त्रीला नीट विचारा. या गाडीत ठिणगी कधी पाडायची हे ईसीयूच ठरवतो. तो काढला की टीसीआय बॉक्स (ठिणगी पाडणारा वेगळा इलेक्ट्रॉनिक डबा) लागतो, आणि त्याला क्रँकचा सिग्नल वेगळ्या प्रकारे हवा असतो, त्यामुळे मॅग्नेटो रोटर, पिकअप कॉइल आणि वायरिंगही कार्ब्युरेटर मॉडेलचंच घ्यावं लागतं. 'ईसीयू फक्त करंटपुरता ठेवू' हा अर्धवट उपाय मी दोन गाड्यांवर पाहिला. दोन्ही गाड्या अवेळी फटाके मारायच्या. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असेल तर ते भोक बंद करा, चोकची केबल ओढा, एअरबॉक्सचं रबर बदला. ही कामं अर्ध्या दिवसाची आहेत.

जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा नोजल) मात्र घाईत निवडू नका. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे ई-20 वर त्याच हवेत पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. हा हिशेब कार्ब्युरेटर स्वतः करत नाही. जुन्या पेट्रोलसाठीचा जेट ठेवला तर गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालेल आणि तापेल. मी मेन (वरच्या स्पीडचा) आणि पायलट (कमी स्पीडचा) दोन्ही जेट एकेक नंबर वाढवले, मग प्लगचा रंग विटकरी आला.

आणि इथेच लडाखचा मुद्दा येतो. कार्ब्युरेटर कुठल्याही गावात उघडता येतो हे खरंय. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, खारदुंग ला 5,359 मीटरवर. त्या खिंडीत हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास राहते. इंजेक्शनचा दाब मोजणारा सेन्सर तिथे पेट्रोल आपणहून कमी करतो. कार्ब्युरेटर वर जाईल तसा रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतो, प्लग काळा पडतो आणि गाडी चढावर गुदमरते. सीव्ही प्रकारचा (हवेच्या ओढीप्रमाणे आपली वाट लहान-मोठी करणारा) कार्ब्युरेटर थोडंफार सांभाळून घेतो, तरीही लहान मेन जेट बरोबर ठेवून रस्त्यात बदलावा लागेल.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल त्यात बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. निर्णय घेताना हे धरून चला.

म्हणून आधी पंपच तपासा. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का? पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावा. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि कनेक्टरवर 10 च येत असतील तर दोष रिले, अर्थिंग किंवा गंजलेल्या पिनचा आहे. नवा पंपही तिथे जळेल. टाकीच्या तळाशी पाणी किंवा गंज आहे का तेही बघा. आणि तुम्ही कायम रिझर्व्हवर गाडी चालवता का? पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

तुमच्या गाडीचा ईसीयू ठीक असेल तर जूनपर्यंत इंजेक्शनच राहू द्या. टाकी धुऊन घ्या, वायरिंग नीट करा, एक जास्तीचा पंप आणि रिले सामानात टाका. ईसीयूही गेलेला असेल तर बुलेट 500 चे सगळे भाग एकत्र मिळेपर्यंत थांबा, आणि मग काम कमीत कमी दोन महिने आधी उरका, म्हणजे आपल्या घाटांत गाडी पारखता येईल. कार्ब्युरेटर बसवलाच तर रात्री कॉक बंद करायची सवय लावा. निडलमध्ये कचरा अडकला तर पेट्रोल रात्रभर इंजिनात उतरतं. सकाळी ऑइलला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका, आधी ऑइल बदला.