सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि इतर परवान्याच्या बंदुकांत फरक काय? शेताच्या राखणीला कोणती घ्यावी?

तुमचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे, डुकरं रताळी ठेवत नाहीत, आणि "दुनळी आता जुनी झाली, सेमी-ऑटोमॅटिक मिळेल का" असं तुम्ही विचारलंय. दुनळी जुनी झाली हे वाक्य मी आमच्याच घरात इतकी वर्षं ऐकतोय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

मिळणार नाही. शस्त्र कायदा, १९५९ पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक देतो. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंच नळीची, आत आटे नसलेली बंदूक मिळते, म्हणजे आपली बारा बोर. सेमी-ऑटोमॅटिक रायफल वेगळ्याच वर्गात मोडते, तिचा निर्णय डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात नाही, दिल्लीला गृह मंत्रालयात होतो. शेतात डुकरं येतात हे कारण तिथे चालत नाही.

आता फरक. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन बाहेर पडलो. आमच्या हातात आधी एसएलआर होती, मग इन्सास आली. एसएलआर हीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस मागे वळतो, पिस्टन ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं आपोआप चढतं. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात ती ऑटोमॅटिक. लोक दोन्हींना एकच समजतात. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये, उदाहरणार्थ ईशापूर कारखान्याच्या .३१५ रायफलीत, दर गोळीला हाताने बोल्ट मागे ओढून पुढे सारावा लागतो. दुनळीत दोन नळ्या, दोन बार, मग बंदूक मोडून पुन्हा भरायची. आणि कायदा नुसती यंत्रणा बघत नाही. थ्री नॉट थ्री बोल्ट अ‍ॅक्शनच आहे, तरी फौजेचं काडतूस घेते म्हणून तीही साध्या परवान्यावर मिळत नाही.

आमचं शेत जांबोटीच्या बाजूला. आप्पांकडे घोड्यांची, म्हणजे अंगठ्याने मागे ओढायच्या हातोड्यांची, जुनी दुनळी होती. मी सुट्टीवर आलो होतो, भात कापून झालं होतं, रताळी अजून जमिनीत. बेळगावहून मामेभाऊ आला होता, त्याला राखण बघायची होती. आम्ही तिघे माळ्यावर. आप्पांची भरायची पद्धत ठरलेली: एका नळीत बारीक छर्रे, दुसरीत एलजी म्हणजे मोठे छर्रे, दोन्ही खडकीची शक्तिमान काडतुसं. दोन चाप असल्यामुळे कुठला बार टाकायचा हे आयत्या वेळी बोटाने ठरवता येतं. ही सोय मॅगझिनच्या बंदुकीत नाही, तिथे जे वर चढलंय तेच सुटणार.

मध्यरात्रीनंतर कळप आला. रताळ्याचे वेल तटातट तुटायचा आवाज, मग घुसघुस. आप्पांनी बारीक छर्ऱ्याचा बार वर टाकला. कळप फुटला, सगळीकडे धावाधाव. एवढ्यात बांधाच्या अंगाला काहीतरी काळं, बुटकं हललं आणि सरळ आमच्याकडे येऊ लागलं. मामेभाऊ ओरडला, "आप्पा, टाका की दुसरा!" आप्पांनी दुसऱ्या घोड्यावर अंगठा ठेवला, तो हळूच खाली उतरवला आणि नळी वर केली. काळं जवळ आलं. शेजारच्या शेतातला गडी होता, डोक्यावरून कांबळं घेऊन वाकून पळत आलेला. बार ऐकून मदतीला आला होता बिचारा.

परत येताना मी विचारलं, माणूस आहे हे कसं ओळखलंत? आप्पा म्हणाले, "ओळखलं नाही. डुक्कर दिसलं नाही, म्हणून टाकला नाही."

मामेभाऊ अजूनही प्रत्येक लग्नकार्यात तेच म्हणतो: त्या रात्री सेमी-ऑटोमॅटिक असती तर अर्धा कळप झोपवला असता. मी एसएलआर चालवलेला माणूस सांगतो, अंधारात घाबरलेल्या माणसाच्या हातात पुढची गोळी आपोआप तयार असणं ही वाईट गोष्ट आहे. एक सुटली की बोट थांबत नाही. ते थांबवायला आम्हाला फौजेत शिकवलं, आणि तिथेही फायरिंग रेंजवर टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध असतो. तुमच्या शेताच्या मागे काय आहे? पुढची वाडी. रायफलची गोळी किलोमीटरच्या किलोमीटर जाते, बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत खाली येतात. एवढं एकच कारण मला पुरेसं आहे.

मामेभावाचा दुसरा मुद्दा कोडगूचा (कुर्गचा): तिथे कोडवा लोकांना आणि जम्मा या जुन्या वंशपरंपरागत हक्काच्या जमीनवाल्यांना परवाना लागत नाही, मग एकाच राज्यात आपल्याला का? ती सूट इंग्रजांच्या काळापासूनची आहे, तिचा इतिहास वेगळा, आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नाही.

हे सगळं मी राखणीपुरतं बोलतोय. नेमबाजीच्या खेळाडूंसाठी नियम वेगळे आहेत. आणि राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर छर्रे मारलेत तर गुन्हा तर होईलच, वर जखमी गवा कुणाला तरी उचलून आपटेल. डुकरावरही परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. आवाजाने हाकला, नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या. निवडणुका लागल्या की आमच्याकडे बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, ते दिवस डबे वाजवूनच काढावे लागतात. महाराष्ट्रात चंदगडला पाहुण्यांच्या शेतावर बंदूक न्यायची असेल तर आधी परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. माझ्यावर कर्नाटकच लिहिलंय.

अर्जात बारा बोर दुनळी लिहा आणि शेताचा उतारा जोडा. परवाना घरातल्या थोरल्याच्या नावावर किंवा ज्याला हौस आहे त्याच्या नावावर काढू नका. रात्री कुणी कानाशी ओरडलं तरी घोडा खाली उतरवू शकतो त्याच्या नावावर काढा, कारण ज्याच्या नावाचा परवाना, बंदूक त्याच्याच हातात राहायला हवी.