पोलिसांनी ओळखपत्र मागितलं तर?

प्रश्न : माझा मुलगा मोटारसायकलवर सेलूहून परभणीला जातो. रस्त्यात पोलिसांनी आधार मागितलं, त्याच्याकडं नव्हतं. आधार जवळ ठेवावंच लागतं का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : नाही. आधार सतत खिशात बाळगायची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. लायसनचं मात्र वेगळं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 130 प्रमाणं गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की चालकानं ते दाखवायलाच हवं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं चालतं. पोरं फसतात ती गॅलरीतला फोटो दाखवून. तो ग्राह्य धरत नाहीत. निघण्याआधी अ‍ॅप उघडून बघा, वाटेत रेंज जाते. लायसन जप्त केलं तर पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका, तो तुमचा हक्क आहे.

नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा. पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा (ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) घडला आणि नाव लपवलं किंवा खोटं सांगितलं, तर ते कळेपर्यंत अटक होऊ शकते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 39). अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. नसेल तर शांतपणे विचारा, "साहेब, आपलं नाव आणि पोलीस ठाणं?"