न्यूमोसिस्टिस न्यूमोनियात स्टेरॉइड का देतात?

ताई, भावाला एचआयव्ही, त्यात न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, आणि डॉक्टरांनी कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइडही चालू केलं म्हणून घरचे धास्तावलेत. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं जे केलं ते पाहिल्यावर भीती वाटणारच. पण इथे स्टेरॉइड नको म्हणून अडून बसू नका. मी छातीच्या वॉर्डात नर्स आहे, हे पेशंट बरेच पाहिलेत.

न्यूमोसिस्टिस बुरशीच आहे, पण अँफोटेरिसिन, फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची नेहमीची औषधं तिच्यावर चालत नाहीत. ती औषधं बुरशीच्या आवरणातल्या ज्या अर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या घटकावर मारा करतात ते तिच्यात नसतंच. म्हणून कोट्रायमॉक्साझोल. ते सुरू झालं की बुरशी भराभर मरते, तिचे अवशेष फुफ्फुसात साचतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. या सुजेमुळे पहिले काही दिवस दम उलट वाढतो. पडल्यापडल्या ९४ दाखवणारा पेशंट बाथरूमला जाऊन आला की ऑक्सिमीटरवर ८५, ओठ सुकलेले, वाक्य पुरं होत नाही. स्टेरॉइड ही सूज आवरतं. बुरशी मारायचं काम कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या-सलाईनचंच.

म्हणून ते औषधाबरोबरच, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करतात, आणि तेही सगळ्यांना नाही. ऑक्सिजन न लावता, साध्या हवेवर एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पीएओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, ७० च्या खाली असेल तर. नेहमीचा कोर्स असा: प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ दिवसातून दोनदा ५ दिवस, मग ४० एकदा ५ दिवस, मग २० एकदा ११ दिवस. घरी आल्यावर बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका, दम लागला म्हणून मनानं वाढवूही नका.

काळ्या बुरशीचं गणित उलटं. ती रक्तवाहिन्यांत शिरते, वाढलेली साखर तिला पोसते, म्हणून तिथे स्टेरॉइड होईल तेवढं कमी करतात. दोन्ही बुरशीच, पण एकीचा नियम दुसरीला लावता येत नाही.

भावाची साखर रोज तपासली जातेय ना, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहिलंय ना, हे राउंडला विचारा. कोट्रायमॉक्साझोलनं पोटॅशियम चढतं. अंगावर पुरळ किंवा तोंडात पांढरा थर दिसला तर लगेच सांगा. टीबीची औषधं चालू असतील तर तेही आवर्जून सांगा, रिफॅम्पिसिननं स्टेरॉइडचा असर कमी होतो. आणि २१ दिवसांनंतर कोट्रायमॉक्साझोल संपत नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पुरेसा वाढेपर्यंत प्रतिबंधक डोस चालूच राहतो. एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) ती गोळी मागून घ्या.