आजोबांचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर आठ वर्षांपासून बंद उभा आहे. इंजिन बांधून घ्यावं की भंगारात द्यावा?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर लिंबाखाली उभा आहे, शेवटी शेवटी ऑइल खायचा, निळा धूर टाकायचा. भंगारवाला दर सांगून गेलाय आणि मिस्त्री म्हणतो सरळ फुल इंजिन करा.

बांधा. पण मिस्त्री म्हणतो म्हणून लगेच सामान आणायला पळू नका. मी अंबाजोगाईच्या बाजूचा. आमच्याकडं १९७६ चा बी-२७५ आहे आणि त्याचं इंजिन दोनदा बांधून झालंय. दुसऱ्यांदा बांधावं लागलं ते पहिल्यांदा बांधलं तसं बांधलं म्हणून.

हे मॉडेल मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरचं. महिंद्रानं १९६३ साली त्यांच्याबरोबर भागीदारीत कंपनी काढली आणि हे ट्रॅक्टर इथं बनू लागले. पुढं कितीतरी वर्षं बनत राहिले, म्हणून पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), बेअरिंग अजून मिळतात. सामान मिळत नाही म्हणून जालन्याच्या भंगार वितळवायच्या भट्टीत घालायची वेळ या गाडीवर येत नाही.

आधी एक बघा, इंजिन फिरतंय का? बॅटरी लावून सेल्फ मारू नका. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं डिझेल-ऑइल मिसळून सोडा, चार-पाच दिवस राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हातानं हलवून बघा. हललं तर निम्मी चिंता गेली. नाही हललं तर जोर लावू नका, हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण उतरवा. आठ वर्षांत पिस्टनवरची एखादी रिंग गंजून लायनरला धरलेली असते. आणि सायलेन्सरच्या नळीत तार घालून बघा, आमच्यात साळुंकीचं घरटं होतं.

हेड उतरल्यावर लायनरच्या वरच्या कडेखाली नख फिरवा. पायरी लागली तर तिथं रिंगांनी लायनर खाल्लाय. किती खाल्लाय ते बघायला महागडं हत्यार लागत नाही. पिस्टन निघाल्यावर एक रिंग लायनरमध्ये सरळ बसवा, तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. एकदा वर, पायरीच्या जरा खाली, आणि एकदा अगदी तळाला, जिथं रिंग कधी पोचत नाही. दोन फटींतल्या फरकाला तीननं भागलं की लायनर वर साधारण किती मोठा झालाय ते कळतं. फरक ०.३ मिमी आला तर लायनर ०.१ मिमी गेलाय. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मात्र मायक्रोमीटरनंच मोजून घ्या, प्रत्येक जर्नल (त्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन बाजूंनी, म्हणजे अंडाकृती झालाय का ते दिसतं. न मोजता 'घासून टाकू' म्हणणाऱ्याकडं क्रँक देऊ नका. एक साईज उगाच खाली गेली की ती परत येत नाही.

आता आमची फजिती. पहिल्यांदा तालुक्याच्या एका वर्कशॉपमध्ये दिला होता. नवे लायनर, बोरिंग, होनिंग (दगडानं लायनर आतून घासणं), नवे पिस्टन, सगळं नवं. एक हंगाम चालला आणि दिवाळीनंतर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या नळीतून, पुन्हा धूर. मग एका वयस्क मिस्त्रीकडं नेला, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवला, तळाचा राखी गाळ चिमटीत घेतला आणि माझ्या बोटावर चोळला. करकर वाजलं.

"हे काय हाय मालक? होनिंगचा दगड हाय. धुतलंच नाही त्यांनी."

होनिंग करताना दगडाची पूड लायनरच्या रेघांत भरते. ती राहिली की ऑइलमध्ये मिसळून रिंग, पिस्टन, बेअरिंग सगळं घासत बसते. आणि नुसत्या डिझेलनं पुसून ती निघत नाही, उलट खोल बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. चाचांनी ब्लॉक आमच्याच अंगणात धुतला, चुलीवर हंडाभर पाणी तापवून. मग आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा ऑइलमध्ये बुडवून लायनरमधून फिरवला. काळा निघाला. परत धुतलं. राखी निघाला. परत. चौथ्यांदा धोतर पांढरं निघालं तेव्हा म्हणाले, "आता पिस्टन आणा." त्याच दिवशी मला कळलं की आपण सामानाचे पैसे मोजतो आणि धुण्याची मजुरी कापतो. धुऊन झालं की लायनरला लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. क्रँक घासून आणला असेल तर त्याच्या ऑइलच्या वाटाही तार आणि हवा घालून साफ करा, घासकामाची पूड तिथंही जाते.

दुसरी धुलाई पाण्याच्या बाजूची. आपल्याकडं रेडिएटरला बोअरचं पाणी टाकतात. ब्लॉकच्या अंगाला पाण्याच्या वाटेवर पत्र्याचे गोल बूच असतात, ते काढल्यावर मागच्या सिलिंडरभोवती हरभऱ्याच्या घाट्याएवढे क्षाराचे खडे निघाले. पाणी तिथं फिरतच नव्हतं. आमचा चौथा लायनर सगळ्यात जास्त का गेला होता, ते तिथं कळलं. हेडला प्रेशर लावून चीर तपासून घ्या, मगच व्हॉल्व्हचं काम. पुढं रेडिएटरला पावसाचं साठवलेलं पाणी किंवा कूलंट, बोअरचं नाही.

क्रँक काढायचा म्हणजे ट्रॅक्टर फोडावा लागणार. याला वेगळी चासी नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले, तोच कणा. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळं मागची बाजू सुटली की इंजिन एका कुशीवर पडू शकतं. फोडायच्या आधी ॲक्सल आणि त्यावरच्या ओतीव लोखंडाच्या भागामध्ये दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी ठोका. मिस्त्री हे करत नसेल तर तुम्ही करा. फोडलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तेव्हाच बदला.

बाकी थोडक्यात. पंप आणि नोझल पंपवाल्याकडं तपासून घ्या, डिझेलची टाकी आतून धुवा. बेअरिंगच्या टोप्या जिथल्या तिथंच, अदलाबदल नको. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं.

चालू झाल्यावर अंगणात तासन् तास मोकळा चालवत ठेवू नका. नव्या रिंगा बसायला थोडा लोड लागतो, मोकळ्या चालीत लायनर गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं कायमचं राहतं. पहिले पन्नासेक तास हलकी ट्रॉली, कोळपणी, पेरणी द्या, काळ्या रानात नांगराला लावू नका. मग ऑइल आणि फिल्टर बदला. काम हरभरा निघाल्यावर काढा, मे महिन्यात कुठलाच मिस्त्री निवांत नसतो. आणि आरसी बघा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नूतनीकरण राहिलं असेल तर रस्त्यावर काढता येणार नाही.

पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवून, ऑइलचा काटा हलेपर्यंत सेल्फवर फिरवा. मगच डिझेल. एअर क्लीनरची नळी सोडून तोंडाशी एक माणूस फळी घेऊन उभा करा. चुकून इंजिन सुसाट सुटलं तर डिझेल बंद करूनही थांबेल याचा भरवसा नाही, हवा बंद करावी लागते. आमच्याकडं फळी सापडेना म्हणून चाचांनी घरातला जेवायचा पाट मागितला. तो वापरायची वेळ आली नाही, पण त्यावर त्यांची काळी बोटं उमटली आणि आईनं तो पुन्हा आत घेतला नाही. अजून शेडमध्ये जॅकखाली लावायला कामाला येतो.