एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) पाहून फुप्फुसाच्या सुजेवर स्टेरॉइड लागू पडेल का, हे आधीच कळतं का?

अंदाज येतो, खात्री नाही. रिपोर्टमध्ये ‘ग्राउंड ग्लास’ असेल, म्हणजे काचेवर वाफ धरावी तसा धूसर भाग, तर ती बऱ्याचदा ताजी सूज असते आणि औषधाने ओसरू शकते. ‘हनीकोंबिंग’, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं, हा मात्र जुना व्रण. तो भरून येत नाही.

गंमत अशी की धूसर भागातूनच ताणून वाकड्यातिकड्या झालेल्या श्वासनलिका जात असतील, तर ती सूज नसून बारीक व्रणच असण्याची शक्यता जास्त. रिपोर्टमध्ये ‘ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस’ हे शब्द शोधा.

हा फरक किरकोळ नाही. आयपीएफ या व्रणाच्या आजारात प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधं देत असत. २०१२ साली पॅंथर नावाच्या औषध-चाचणीत प्रेडनिसोन (स्टेरॉइड), अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि एन-अॅसिटिलसिस्टीन ही तिन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले. तिथे आता पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब ही व्रण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं देतात.

कबुतरांच्या विष्ठेने होणाऱ्या आजारात फोटो कितीही आशादायक असो, खिडकीतली कबुतरं तशीच राहिली तर गोळ्यांचा उपयोग टिकत नाही. स्कॅनसोबत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो) या श्वासाच्या तपासण्यांचे आकडेही छातीच्या डॉक्टरांना दाखवा.